माणूसपणा : पस्तीस टक्के

"बाबा, नुसता सूर धरायचा. सरळ. शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तसा."

"धरला की."

"धरला नाही, घसरत आणला. खालून उचलला, वळसा घातला, मग कुठं जागेवर आला."

"मग? सूर काय आधीच तिथं येऊन बसला हुता व्हय? आणायला नको त्याला?"

काचेच्या पलीकडं बाबा क्लॅरिनेट घेऊन उभे, अलीकडं मी कानाला हेडफोन लावून बसलेली. सकाळपासून अकरा सूर झाले होते आणि अकराच्या अकरा वाया गेले होते. मला हवे होते चाळीस सूर, प्रत्येक तीनदा: हळू, मध्यम, जोरात. एकशेवीस तुकडे. एकही सूर दुसऱ्याला चिकटलेला नको. आणि माझा बाप असा, की त्याला एकटा सूर वाजवताच येत नव्हता.

"परत एकदा. डोळे मिटा, आणि मनात काही आणू नका."

बाबांनी क्लॅरिनेट खाली घेतली. "वैजू, मयताला वाजिवताना पण एवढं सरळ वाजवत न्हाई गं आम्ही. त्या मेलेल्या माणसाला तरी काय वाटंल?"

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी वैजयंता यशवंत आवळे, राहणार इचलकरंजी, बी.एस्सी. आणि सहा महिन्यांचा साउंडचा कोर्स. कोल्हापुरात शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर एक स्टुडिओ होता, तिथं मी 'साउंड एक्झिक्युटिव्ह' होते. म्हणजे झाडू मारायचा, चहा सांगायचा आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवरची सगळी कामं करायची. स्टुडिओ आशुतोष भडकमकर सरांचा. सर संगीतकार होते, दिग्दर्शक होते, गीतकार होते, आणि स्वतःची ओळख करून देताना यातलं काहीच न सांगता 'ध्वनिचिंतक' म्हणायचे. दिवसाला चार वेळा चिंतन करायचे, पैकी दोन वेळा घोरायचे.

त्या साली सरांनी पाच नद्यांचं महानाट्य काढलं होतं. पाच बायका पाच नद्या झालेल्या, शेवटी संगमावर भेटणार, आणि पोस्टरवर नद्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत: 'साठ वाद्यांचा भव्य ऑर्केस्ट्रा!' साठ वाजवणारे आणायची ऐपत अर्थातच नव्हती. म्हणून मी होते, आणि एक सॉफ्टवेअर होतं. कॉम्प्युटरवर पाच रेघांची वही उघडायची, टिंबं मांडायची, एकेका ओळीला एकेक वाद्य नेमून द्यायचं, बटण दाबायचं. साठ जण वाजवायला लागतात. कुणी चहा मागत नाही, कुणाची एसटी चुकत नाही, कुणाच्या चुलत्याचं लग्न नसतं. सरांच्या मते संगीताचा हा सुवर्णकाळ होता.

मी महिनाभर खपून साठ ओळींना साठ आवाज लावले. व्हायोलिनं झाली, ट्रम्पेट झाले, नगाऱ्यासारखे ते मोठे ड्रमसुद्धा झाले. अडलं ते क्लॅरिनेटपाशी. संगमाच्या प्रसंगात सगळी वाद्यं गप्प होतात आणि एकटी क्लॅरिनेट आठ आवर्तनं वाजते, असं सरांनी लिहिलं होतं. सॉफ्टवेअरमधली तयार क्लॅरिनेट इतकी सभ्य होती, की जेवायला बसवलं असतं तर 'नको, पोट भरलंय' म्हणाली असती.

"ही साहेबी आहे," सर कळवळून म्हणाले. "मला आपल्या मातीतली क्लॅरिनेट हवी."

आणि मी खुळी बोलून गेले, "माझे वडील वाजवतात की. बँडमध्ये होते."

सरांचे डोळे लकाकले. "मग सँपल करून टाकू त्यांना!"

सँपल करणं म्हणजे एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करायचा आणि सॉफ्टवेअरच्या पोटात घालायचा. मग टिंब कुठलंही मांडा, सूर त्या माणसाचा येतो. माणूस नाही आला तरी चालतं. खरं म्हणजे तो येऊ नये, एवढ्यासाठीच ही सगळी खटपट.

घरी जाऊन मी बाबांना एवढंच सांगितलं, "नाटकासाठी रेकॉर्डिंग आहे. तुमची क्लॅरिनेट पाहिजे."

बाबा त्या वेळी सूतगिरणीच्या गेटवर वॉचमन होते. त्याआधी पस्तीस वर्षं बँडमध्ये. नवरदेवाच्या घोड्यापुढं उलटं चालत वाजवायचे, खड्डे, गटारं, नाचणाऱ्यांच्या कोपरखळ्या सगळं चुकवत. पुढं डीजे आला, भिंतीएवढे स्पीकर ट्रॅक्टरवर चढले, आणि बँडच्या मालकानं ड्रम भंगारात घातले. क्लॅरिनेट बाबांची स्वतःची होती, ती तेवढी राहिली.

"नाटकासाठी?" बाबांनी विचारलं. "म्हंजे हॉलात? बसून?"

"म्हणजे काय?"

"न्हाई, आपलं सगळं चालतच झालं गं. उलट्या पायानं. खुर्चीवर बसायचं, समोर माणसं बसल्याली, कोण नाचत न्हाई, कोण लिंबू-पाणी वाटत न्हाई, नुसती ऐकत्यात. असं एकदा झालं की बास."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणाले, "बघू." या 'बघू'वर आमची अख्खी महानगरपालिका चालते, तिथं माझं घर चालायला काय हरकत होती?

तर असे बाबा काचेपलीकडं उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून. त्यांना वाटत होतं, ही परीक्षा आहे. पास झालो की खुर्ची.

दोन दिवसांत एकशेवीस तुकडे कसेबसे झाले. सरळ एकही नव्हता. मग मीच माऊसनं प्रत्येक सुराचं डोकं आणि शेपूट छाटलं. खालून उचलून आणणं गेलं, वळसा गेला, शेवटी जो जरासा हलवून सोडायचे ते गेलं. राहिला मधला सपाट तुकडा. सॉफ्टवेअरला तोच लागतो. मग त्याच सॉफ्टवेअरमध्ये एक सरकपट्टी असते, वाजवणं माणसासारखं वाटावं म्हणून. शून्य ते शंभर. पट्टी सरकवली की ते मुद्दाम एखादा सूर उशिरा टाकतं, एखादा हलका टाकतं. सरांनी ती पस्तीसवर ठेवायला लावली.

"चाळीस करू का, सर?"

"नको. पस्तीस पुरे. त्यापुढं माणूस फार अंगावर येतो."

आधी माणसातला माणूस छाटून काढायचा, मग मशीनमधून पस्तीस टक्के परत घालायचा. आणि या कामाचा मला पगार मिळत होता.

सगळं जोडून बटण दाबलं तर अंगावर काटा आला. चांगल्या अर्थानं नव्हे. साठ वाद्यं एकीकडं आणि क्लॅरिनेट भलतीकडंच. सर ओरडत बाहेर आले, "हा संगम आहे की भाऊबंदकी?"

तीन दिवस मी डोकं फोडत होते. कधी केबल बदलली, कधी सगळं पुसून परत घातलं. चौथ्या दिवशी दुपारी बाबा आले. दाढ दाखवायला कोल्हापूरला आले होते, येताना माझ्यासाठी डबा घेऊन आले. मी कॉम्प्युटरवर तो संगमाचा तुकडा लावून कपाळ धरून बसले होते. बाबा दाराशी उभे राहून ऐकत राहिले.

"दोन पट्ट्या खाली हाय," ते म्हणाले.

"काय?"

"क्लॅरिनेट. दोन पट्ट्या खाली बोलतीय. तू नावं कशी घातलीस?"

"तुम्ही सांगितली तशी. तुम्ही सी म्हणालात, मी सी लिहिलं."

बाबा हसायलाच लागले, गालाला हात लावून, कारण दाढ दुखत होती. "अगं खुळे, माझा सी म्हंजे माझ्या बोटांचा सी. क्लॅरिनेटवर सी धरला की पेटीवर दोन पट्ट्या खालचा सूर येतो. बँडमधल्या कुणालाबी विचार. पेटीवाल्याशी आमचं पहिलं भांडण ह्याच्यावरच हुतंय."

जन्मापासून बँडवाल्याच्या घरात राहिलेली मी, बी.एस्सी., आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी पटापट सगळी नावं दोन घरं सरकवली. बटण दाबलं. संगम झाला. क्लॅरिनेट बरोबर जागेवर बसली.

बाबा डबा टेबलावर ठेवून ऐकत होते. आठही आवर्तनं ऐकली. मग म्हणाले, "वैजू, हे मी कवा वाजिवलं?"

मी डबा पुढं ओढला.

"ही चाल मला ठावंच न्हाई. आवाज माझा हाय. फुंक माझी हाय. पण हे मी वाजिवल्यालं न्हाई."

मग मी सांगितलं. तुकडे कशासाठी घेतले, ते कसे जोडतात, सगळं. सांगताना माझे कान तापले होते.

"म्हंजे मी न जाताच मी वाजिवणार."

"हो."

"बरं हाय," ते म्हणाले. "डबा खा. भाकरी गार हुतीय."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात सर आले. चिंतनातून उठले होते, गालावर उशीचा वळ होता. सूर जुळला आणि तो कुणी जुळवला हे कळल्यावर त्यांनी बाबांना मिठीच मारली.

"काका! तुम्ही आमच्या मातीचा श्वास आहात! असं करू, स्टेजवर आम्ही आठ वादक बसवतोय. काळे कोट, समोर स्टँड, हातात वाद्यं. तुम्ही त्यात याच."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग सरांकडं. "बसायचं?"

"अर्थात! खुर्चीवर!"

"आणि वाजवायचं."

"नाही नाही, वाजवणार कॉम्प्युटर. तुम्ही अभिनय करायचा. बोटं हलवायची, गाल फुगवायचे. फुंकायचं मात्र नाही हं. एखादा खरा सूर माइकात गेला की सगळा भास मोडतो."

मला वाटलं, बाबा आता क्लॅरिनेटच सरांच्या डोक्यात घालतील. मी तर मनातून तयारीच केली होती. पण बाबा म्हणाले, "चालंल की." एवढंच. पायरी उतरताना मला हळूच म्हणाले, "तुझं काम हाय त्यांच्याकडं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भाकरी खरंच गार झाली.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी चारला, कोल्हापुरातच. स्टेजच्या डाव्या अंगाला आठ खुर्च्या. एका व्हायोलिनवर विम्याचा एजंट, दुसऱ्यावर सरांचा साडू. ट्रम्पेट ज्यांच्या हातात होतं, त्यांचा कॅटरिंगचा व्यवसाय होता. साडूनं गज उलटा धरला होता आणि चेहरा मात्र असा केला होता, जणू जन्मभर हेच केलं. शेवटच्या खुर्चीवर माझा बाप. कोट भाड्याचा, बाह्या बोटभर लांब. सर सगळ्यांना शेवटची ताकीद देऊन गेले, "फुंकायचं नाही!" आठांपैकी सातांना फुंकता किंवा घासता येतच नव्हतं, त्यामुळं ही ताकीद कुणासाठी होती हे सगळ्यांना समजलं.

मी विंगेत कॉम्प्युटरपाशी. नाटक सुरू झालं. साठ वाद्यं वाजत होती, आठ माणसं खोटं वाजवत होती, आणि त्यातल्या एकाची बोटं खरी होती. बाबांनी घरी बसून सगळं पाठ केलं होतं. जिथं क्लॅरिनेटची ओळ होती तिथं नेमकं झाकण दाबलं जात होतं, नेमकं उघडत होतं. पहिल्या रांगेतल्या कुणाला त्याचं काय? लोक साडूकडं बघत होते. तो डोलत होता ना.

मला राग आला. आधी साडूचा, मग सरांचा, आणि मग जिचा यायला पाहिजे होता तिचा. माझाच. मी या माणसाला खोटं सांगून बोलावलं, त्याचे सूर कापले, आणि वर त्याच्याच आवाजापुढं मुक्यासारखं बसवलं. का? तर मला साउंड एक्झिक्युटिव्ह म्हणवून घ्यायचं होतं.

संगम आला. पाचही नद्या मध्यभागी आल्या, हात वर करून थांबल्या. वाद्यं एकेक करून थांबली. आता एकटी क्लॅरिनेट. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिची ओळ दिसत होती, शेजारी आवाज बंद करायचं छोटं बटण. मी ते दाबलं.

म्हटलं, आता मशीन गप्प आहे. बाबांना कळेल. माइक समोर आहे, खुर्ची आहे, नऊशे माणसं गप्प बसून वाट बघतायत. वाजवा आता.

काहीही वाजलं नाही.

बाबांची बोटं चालत होती. गाल फुगले होते. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. मला वाटत होतं, आता सूर लागेल, आता. मधेच त्यांनी माझ्याकडं पाहिलं, भुवया उंचावल्या, पण बोटं थांबवली नाहीत. हवा नळीतून जात असल्याचा फुस्स आवाज येत होता, बस्स. मशीन परत चालू करावं तर मधूनच किंचाळणार. हात बटणावर ठेवून मी नुसती आवर्तनं मोजत होते. आठ आवर्तनं. एवढा लांब वेळ माझ्या आयुष्यात परत आला नाही, बाळंतपण धरूनसुद्धा. मग व्हायोलिनं आली, नद्या एकमेकींना भेटल्या, आणि पडदा पडला.

टाळ्या थांबेनात. सर विंगेत धावत आले, तोंड लालबुंद. "काय केलंस? क्लॅरिनेट कुठं गेली? उद्यापासून..."

उद्यापासून काय, ते राहिलंच. मागून पुण्याहून आलेले एक समीक्षक आले, दाढी, शबनम, सगळं यथास्थित. त्यांचे डोळे ओले होते. "भडकमकर! ते मौन! तो माणूस वाजवतोय आणि ऐकू काहीच येत नाही! नद्यांचा गळा आवळलाय आपण, हेच ना? सुचलं कसं हो तुम्हाला?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले. "फार वर्षं मनात होतं," ते म्हणाले.

समीक्षक गेल्यावर मला म्हणाले, "ती शांतता कायम ठेवायची. पुढच्या रविवारी सांगलीला. आणि काकांना सांग, बोटं थोडी मोठी हलवा."

घरी आलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. बाबा ओट्यावर बसून बूट काढत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट खुशीत होते.

"मशीन बंद पडलं न्हवं?" ते म्हणाले. "मला वाटलंच. मशीनचं काय खरं न्हाई. वाईट एवढंच वाटलं बग, मी वाजवू शकलो असतो. पण रीड काढून ठेवली हुती."

रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधतात ती वेताची पातळ पत्ती. ती नसली, तर कितीही फुंका, नुसती हवा जाते.

"का काढली?" मी विचारलं.

"सवय हाय गं. पस्तीस वर्षांची. तोंडाला लागली की फुंक जातीया. म्हटलं, चुकून वाजलं तर तुझी नोकरी जायची. म्हणून घरनंच काढून खिशात घातली."

मी खालीच बसले. ओट्याच्या पायरीवर. आणि सांगून टाकलं. मशीन बंद पडलं नव्हतं, मी बंद केलं. तुम्ही वाजवावं म्हणून.

बाबांच्या हातात एक बूट होता. तो त्यांनी खाली ठेवला. मग बाबा चिडले. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

"मला सांगायला काय झालं हुतं?"

"वाटलं, तुम्हाला कळेल."

"कसं कळंल? देवाचा अवतार हाय व्हय मी? रेकॉर्डिंग कशापायी हाय, ते सांगितलं न्हाईस. सूर कापलेस, सांगितलं न्हाईस. आज मशीन बंद करणार, ते पण न्हाई! एक शब्द, वैजे. सकाळी चहा पिताना एक शब्द टाकला असतास, तर रीड लावून बसलो असतो की. माझ्यासाठी लई काय काय करतीस तू. फक्त मला विचारत न्हाईस."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बाबांनी दुसरा बूट काढला आणि आत गेले. चहा त्यांनीच टाकला.

चहा पिताना मी पुढचंही सांगितलं. म्हटलं, आता एवढं झालंय तर सगळंच सांगावं. सरांना शांतताच पाहिजे.

"थांब थांब," बाबा म्हणाले. "म्हंजे आता मशीन पण वाजणार न्हाई?"

"नाही."

"आणि मी पण न्हाई."

"नाही."

"आणि लोकं टाळ्या वाजिवणार."

"पुण्याचे लोक तर रडतात."

बाबांना हसू फुटलं, असं की बशीतला चहा लेंग्यावर सांडला. मग हळूहळू थांबले.

सांगलीला प्रयोगाआधी त्यांनी मला विंगेत बोलावलं. क्लॅरिनेट दाखवली. रीड बांधलेली होती, ओली करून.

"मी वाजिवणार हाय," ते म्हणाले. "तुला आधी सांगून ठेवतोय. नको म्हणत असशील तर आत्ता सांग, काढून टाकतो. पण विचारून करतोय, हे ध्यानात ठेव."

माझी नोकरी माझ्या डोळ्यांपुढून चालत गेली. हप्त्यावरची स्कूटी तिच्या मागोमाग गेली. "वाजवा," मी म्हणाले.

संगम आला. नद्यांनी हात वर केले. मी क्लॅरिनेटची ओळ बंद केली, सरांच्या हुकमानुसार. सर समोर दुसऱ्या रांगेत, डोळे मिटून मौन ऐकायला सज्ज.

बाबांनी पहिला सूर लावला. खालून उचलून, वळसा घालून, सावकाश जागेवर आणून. मी जे जे कापलं होतं ते सगळं परत आलं. दुसऱ्या आवर्तनात ते उठून उभे राहिले. नंतर म्हणाले, "बसून पोटात वाराच भरंना." तिसऱ्याला स्टँड बाजूला सारून पुढं आले. सरांनी लिहिलेली चाल कधीच मागं राहिली होती, हे त्यांचं स्वतःचं होतं, आणि साडूनं घाबरून गज सरळ धरला. बाल्कनीतून शिट्टी आली. हात वर करून ताटकळलेल्या नद्यांपैकी एकीनं खांदा हलवला. मग दुसरीनं. पाचव्या आवर्तनाला पाचही नद्या ठेक्यात होत्या.

सर वाकून, धावत विंगेत पोचले. "बंद कर त्याला! आधी बंद कर!"

"कुठून करू, सर? या आवाजाला बटणच नाही."

त्या दिवशी माझी नोकरी गेली. अगदी सन्मानानं गेली. सर म्हणाले, तुझ्यात ध्वनीविषयी आदर नाही. बाबांनी कोट उतरवला आणि घडी घालून सरांच्या हातात दिला. "बाह्या लांब हायत. दुसऱ्याला बसवाल तर आखूड करून घ्या," म्हणाले.

मंगळवारी पेपरात परीक्षण आलं. तेच दाढीवाले सांगलीलाही गेले होते. मी बाबांना वाचून दाखवलं: 'कोल्हापूरच्या प्रयोगातील मौनाने जी उंची गाठली होती, ती सांगलीत एका अनाहूत वादकाने पार धुळीस मिळवली.'

"अनाहूत म्हंजे?"

"न बोलावता आलेला."

वाचताना मला संताप येत होता. पेपर चुरगाळायला गेले, तर बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ केला.

"फाडू नको. पस्तीस वर्षं सुपारी घेऊन वाजिवलं गं. न बोलावता एकदाच वाजिवलं, ते पेपरात आलं. ती ओळ कुठं हाय, त्याच्यावर बोट ठेव जरा."

मी बोट ठेवलं. बाबांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत ती ओळ स्वतः वाचायला लागले.